कृत्रिम मूत्रपिंड, हेपॅरिन आणि यकृतशोथ

१

वैद्यकाच्या परिभाषेतील 'हेपॅरिन' आणि 'हेपटायटिस' हे दोन शब्द एकाच ग्रीक शब्दापासून सिद्ध झाले आहेत. 'हेपार' म्हणजे यकृत. ह्यांपैकी पहिले एका औषधाचे नाव आहे, दुसरे एका रोगाचे. औषध रक्ताला साकळू देत नाही. रोग यकृताला सूज आणतो. दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा असे शब्दांवरून वाटत नाही. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राच्या साहाय्याने शुद्ध करण्याचा जो उपचार आहे, त्याच्या इतिहासात हे दोन शब्द पुन्हा पुन्हा एकत्र येतात. पहिल्यावाचून तो उपचार शक्यच झाला नसता. दुसऱ्यामुळे तो एके काळी बंद पडावा की काय अशी वेळ आली होती.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या शब्दाचे गोत्र परिचित आहे. ग्रीक 'हेपार', लॅटिन 'येकुर' आणि संस्कृत 'यकृत्' ही एकाच मूळ शब्दाची रूपे होत. मूळ भाषेतील आद्य यकार ग्रीकमध्ये हकाराच्या रूपाने उरला. ओष्ठ्यरंजित ककाराचा ग्रीकमध्ये पकार झाला आणि संस्कृतात तो ककारच राहिला. प्रथमेच्या एकवचनात रकार आणि इतर विभक्तींत नकार हे ह्या शब्दाचे जुने वैशिष्ट्य. संस्कृतातील 'यकृत्' आणि षष्ठीचे 'यक्नः' ह्यांत ते स्पष्ट दिसते. फार्सीतून मराठीत आलेला 'जिगर' हाही ह्याच कुळातला. म्हणजे 'यकृतशोथ' हे भाषांतर करताना परिभाषाकारांनी ग्रीक शब्दाच्या जागी त्याचाच सख्खा भाऊ आणून बसविला असे म्हणावयास हरकत नाही. हेपॅरिनला मात्र कोणी मराठी नाव दिले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण पुढे पाहू त्याप्रमाणे, ह्या द्रव्याचे यकृताशी असलेले नाते हा बहुतांशी शोधाच्या स्थळाचा योगायोग होता.

२

ज्या उपचाराविषयी हा लेख आहे त्याला मराठी परिभाषेत 'अपोहन' म्हणतात, व्यवहारात 'डायलिसिस' म्हणतात. 'डायलिसिस' ही संज्ञा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम ह्याने इ. स. १८६१ मध्ये रूढ केली. चर्मपत्रासारख्या पडद्याच्या एका बाजूस मिश्रण आणि दुसऱ्या बाजूस पाणी ठेवले, तर मीठ, साखर, यूरिया ह्यांसारखे लहान रेणू पडद्यातून पलीकडे जातात, आणि डिंक किंवा अंड्यातील पांढरा बलक ह्यांसारख्या पदार्थांचे मोठे रेणू मागे राहतात, हे त्याने दाखविले. ह्या तत्त्वाचा उपयोग जिवंत प्राण्याच्या रक्तावर करता येईल हे मात्र सिद्ध व्हावयास अर्धे शतक लागले.

इ. स. १९१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल, लेनर्ड राउंट्री आणि बी. बी. टर्नर ह्यांनी कुत्र्याचे रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवून परत त्याच्या शरीरात सोडले. नळ्यांच्या बाहेर क्षारयुक्त द्रव होता. रक्तातील लहान रेणू त्यात उतरत. यंत्राला 'कृत्रिम मूत्रपिंड' हे नाव त्याच काळात मिळाले. पण पहिली अडचण तेथेच उभी राहिली. रक्त शरीराबाहेर पडले, परक्या पृष्ठभागाला टेकले, की ते साकळू लागते. नळीत गुठळी झाली की प्रयोग संपला.

त्यावरचा उपाय एबल आणि त्याचे सहकारी ह्यांनी जळवांत शोधला. जळू रक्त पिते तेव्हा ते तिच्या तोंडाशी साकळत नाही. तिच्या लाळेत ते थांबविणारे द्रव्य असते हे जॉन हेक्राफ्ट ह्याने इ. स. १८८४ मध्ये दाखविले होते. ह्या द्रव्याला पुढे 'हिरुडिन' म्हणू लागले. बाल्टिमोरच्या प्रयोगांसाठी जळवांची मुंडकी कुटून हिरुडिन काढावे लागे. त्याची शुद्धता बेभरवशाची, किंमत अवाच्या सवा, आणि पहिले महायुद्ध सुरू होताच युरोपातून होणारा जळवांचा पुरवठाही थांबला.

३

ह्याच विद्यापीठात, इ. स. १९१६ मध्ये, जे मॅक्लीन नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हॉवेल ह्यांच्या हाताखाली काम करीत होता. त्याला दिलेला प्रश्न उलट होता. रक्त साकळविणारे द्रव्य ऊतींतून वेगळे काढावयाचे होते. त्यासाठी त्याने हृदय आणि यकृत ह्यांच्या ऊतींचे अर्क तयार केले. अर्क काही काळ ठेवल्यावर त्यांचा साकळविण्याचा गुण नाहीसा होई. इतकेच नव्हे, तर यकृताचा अर्क रक्ताला साकळण्यापासून अडवी. हॉवेल आणि एमेट होल्ट ह्यांनी इ. स. १९१८ मध्ये अशा प्रतिबंधक द्रव्याला 'हेपॅरिन' हे नाव दिले. यकृतात सापडले म्हणून हेपॅरिन, इतकाच ह्या नावाचा आधार. पुढील संशोधनात असे दिसून आले की ते फुप्फुसे, आतडी इत्यादी अनेक अवयवांत असते, आणि आज औषध म्हणून जे हेपॅरिन वापरले जाते त्याचा मोठा भाग डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. वस्तू बदलली, नाव राहिले.

हे द्रव्य रुग्णाच्या शिरेत टोचण्याइतके शुद्ध व्हावयास आणखी दोन दशके जावी लागली. टोरोंटो येथे चार्ल्स बेस्ट ह्यांच्या गटाने आणि स्टॉकहोम येथे एरिक जॉर्पेस ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात हे काम पुरे केले. हेपॅरिन म्हणजे गंधकयुक्त शर्करांची लांब साखळी आहे हे जॉर्पेस ह्यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

दरम्यान जर्मनीत गीसेन येथे गेओर्ग हास ह्या वैद्याने इ. स. १९२४ मध्ये मनुष्यावर पहिले अपोहन केले. ते सुमारे १५ मिनिटे चालले. साकळण्यावरचा उपाय तेव्हाही हिरुडिनच होता. १९२८ मध्ये त्याने प्रथमच हेपॅरिन वापरले आणि ते अधिक सुरक्षित असल्याचे नोंदविले. परंतु रुग्ण वाचविण्याइतके शुद्धीकरण त्याच्या यंत्राने होत नव्हते. वैद्यकविश्वाने दखल घेतली नाही आणि त्याने हे काम सोडून दिले.

ते पुढे नेले हॉलंडमधील काम्पेन ह्या लहानशा गावातील विलेम कॉल्फ ह्या तरुण वैद्याने. देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. साहित्य मिळणे कठीण. सॉसेजच्या आवरणासाठी वापरीत त्या सेलोफेनची सुमारे २० मीटर लांबीची नळी त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारजलाच्या टाकीत फिरविले. इ. स. १९४३ च्या मार्चमध्ये पहिल्या रुग्णावर प्रयोग झाला. त्या आणि पुढच्या रुग्णांपैकी बहुतेक दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री ह्या यंत्रावर ठेवली गेली; काही तासांनी ती शुद्धीवर आली आणि बरी होऊन घरी गेली. सेलोफेन आणि शुद्ध हेपॅरिन ह्या दोन गोष्टी एकाच काळी हाती आल्या नसत्या, तर काम्पेनचे हे यश शक्य नव्हते.

४

हेपॅरिनला व्यवहारात 'रक्त पातळ करण्याचे औषध' म्हणतात. हा प्रयोग मराठीत इतका रूढ झाला आहे की वैद्यही रुग्णाशी बोलताना तो वापरतात. तो सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. दुधात पाणी घातल्याने दूध पातळ होते, तसे हेपॅरिनने रक्त पातळ होत नाही. त्यातील पेशींचे प्रमाण, त्याचा दाटपणा, ही जशीच्या तशी राहतात. रक्त साकळण्याच्या क्रियेत अनेक प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी थ्रॉम्बिन नावाचे विकर फायब्रिनचे धागे विणते. त्या जाळ्यात पेशी अडकून गुठळी बनते. ही क्रिया आवरण्यासाठी शरीरात अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन असतेच. पण ते सावकाश काम करते. हेपॅरिन स्वतः थ्रॉम्बिनचे काही करीत नाही. ते अँटिथ्रॉम्बिनला चिकटून त्याचा वेग सुमारे हजारपट वाढविते. म्हणून हेपॅरिनला 'साकळण्यास अडविणारे' म्हणणे यथार्थ, 'पातळ करणारे' म्हणणे अयथार्थ.

शब्दांचा हा काथ्याकूट निरर्थक नाही. 'पातळ' रक्ताची कल्पना मनात असलेला रुग्ण असे समजतो की औषध घेतल्याने रक्त सुलभपणे वाहील, एवढेच. दात काढताना, पोटात व्रण असताना किंवा डोक्याला मार लागल्यावर आपले रक्त लवकर थांबणार नाही, हे त्या शब्दातून त्याला कळत नाही. औषधाचा धोका ज्या बाजूला आहे ती बाजूच तो शब्द झाकून टाकतो.

अपोहनाच्या रुग्णात हा धोका दुहेरी असतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तात साचणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तबिंबिकांचे कार्य मंदावते. म्हणजे असा रुग्ण आधीच रक्तस्रावाकडे झुकलेला असतो. उलट यंत्राच्या नळ्यांत त्याचे रक्त साकळतेच. शरीरात कमी आणि यंत्रात जास्त असा हेपॅरिनचा परिणाम साधावयाचा कसा, हा प्रश्न १९५० नंतर वैद्यांपुढे सतत राहिला. एक युक्ती अशी निघाली की यंत्राकडे जाणाऱ्या रक्तात हेपॅरिन सोडावयाचे आणि परत येणाऱ्या रक्तात माशांच्या शुक्रापासून काढलेले प्रोटामिन घालून ते निष्प्रभ करावयाचे. कल्पना चोख होती. परंतु काही तासांनी प्रोटामिनचा प्रभाव ओसरे, हेपॅरिन पुन्हा मोकळे होई, आणि उपचार संपवून अंथरुणावर पडलेल्या रुग्णाला रक्तस्राव सुरू होई. ही पद्धत हळूहळू मागे पडली. आज नेहमीच्या रुग्णाला आरंभी एक मात्रा व नंतर यंत्रातून थोडे थोडे हेपॅरिन दिले जाते, किंवा लहान रेणूंच्या हेपॅरिनची एकच मात्रा पुरते. रक्तस्रावाची भीती असेल तेथे ते अजिबात न देता अधूनमधून क्षारजलाने नळ्या धुतल्या जातात.

५

इ. स. १९६० पर्यंत कृत्रिम मूत्रपिंड हे केवळ तात्पुरत्या आजारासाठी होते. प्रत्येक वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे; थोड्याच खेपांत जागा संपत. त्या वर्षी सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर आणि वेन क्विन्टन ह्यांनी टेफ्लॉनच्या नळ्यांचा कायम राहणारा जोड रुग्णाच्या हातावर बसविला. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षे जगला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यांनी मनगटाजवळील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींस जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजही तीच उत्तम मानली जाते. आता आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे, हा उपचार चालू शकत होता.

अनेक रुग्ण एका दालनात वारंवार एकत्र येऊ लागले. त्यांच्या रक्तक्षयावर त्या काळी रक्त देणे हाच उपाय होता. रक्त उघड्यावर वाहत होते, सुया दिवसभर टोचल्या जात होत्या. दुसरी अडचण ह्यातूनच उद्भवली.

रक्तावाटे पसरणारी कावीळ वैद्यकाला अपरिचित नव्हती. इ. स. १८८५ मध्ये ब्रेमेन येथील गोदीकामगारांत देवीची लस टोचल्यानंतर अशी साथ झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. दुसऱ्या महायुद्धात पीतज्वराच्या लशीमुळे अमेरिकेच्या सैन्यातील हजारो सैनिक १९४२ मध्ये कावीळ होऊन रुग्णालयात पडले, कारण ती लस मानवी रक्तजलात तयार केली होती. १९४७ मध्ये मॅक्कॅलम ह्यांनी अन्नपाण्यातून होणाऱ्या रोगास 'अ' आणि रक्तावाटे होणाऱ्या रोगास 'ब' अशी नावे सुचविली. पण रोगाचे कारण कोणी पाहिले नव्हते आणि ते ओळखण्याची कसोटी उपलब्ध नव्हती.

ती अनपेक्षितपणे मिळाली. बरूक ब्लुमबर्ग ह्यांना कावीळ शोधावयाची नव्हती. मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांत कोणते आनुवंशिक भेद असतात हे ते पाहत होते. पुष्कळ वेळा रक्त घेतलेल्या हीमोफिलियाच्या एका रुग्णाच्या रक्तजलातील प्रतिपिंडांशी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तजलातील एक द्रव्य संयोग पावले. १९६५ मध्ये ते 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे १९६७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ स्त्रीला कावीळ झाली आणि तिच्या रक्तात, पूर्वी नसलेले, हे प्रतिजन दिसले. हा यकृतशोथ 'ब'च्या विषाणूचाच अंश होता. ह्या कार्यासाठी ब्लुमबर्ग ह्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या नव्या कसोटीचा अपोहनाच्या दालनात उपयोग करणारे ब्लुमबर्ग ह्यांचे सहकारी म्हणजे टॉमस लंडन. एका अपोहन-विभागात पसरलेल्या साथीचा त्यांनी केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील निष्कर्ष आजही मार्गदर्शक आहे. एकाच विषाणूची बाधा रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना झाली होती. परिणाम मात्र भिन्न होता. कर्मचारी तीव्र आजारी पडत, डोळे पिवळे होत, आणि बहुधा काही आठवड्यांत प्रतिजन त्यांच्या रक्तातून नाहीसे होई. रुग्ण फारसे आजारी दिसत नसत, पिवळेही पडत नसत. पण प्रतिजन त्यांच्या रक्तात महिनोन् महिने टिकून राही. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. शरीर विषाणूशी झगडत नाही, म्हणून यकृताला सूजही थोडी येते आणि विषाणूही जात नाही.

'कावीळ' ह्या शब्दाचे संस्कृत 'कामला' शब्दाशी असलेले नाते सर्वश्रुत आहे, आणि आयुर्वेदात कामलेची ओळख पिवळेपणावरूनच सांगितली आहे. लक्षणावरून दिलेले नाव लक्षण नसताना निरुपयोगी ठरते. मराठी बोलीत यकृतशोथ 'ब'ला 'पांढरी कावीळ' म्हणण्याचा जो प्रघात आहे, तो सुशिक्षितांना हास्यास्पद वाटतो. लंडन ह्यांच्या अभ्यासाच्या प्रकाशात पाहिल्यास, पिवळेपणावाचून असलेली कावीळ हे त्या नावात दडलेले वर्णन अपोहनाच्या रुग्णाला तंतोतंत लागू पडते. ज्याच्याकडे पाहून कोणालाही शंका येणार नाही असा माणूसच येथे सर्वांत अधिक संसर्गकारक असतो.

ह्याची किंमत युरोपातील आणि अमेरिकेतील अनेक विभागांनी मोजली. त्यांतील सर्वांत दुःखद प्रकरण एडिंबरो येथील. १९६९-७० मध्ये तेथील अपोहन आणि मूत्रपिंडारोपण विभागात यकृतशोथाची साथ आली. ११ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत कर्मचारीवर्गातील ४ जण होते. उपचार करणाऱ्यांनीच प्राण गमवावे अशी ही वेळ होती, आणि हा उपचार चालू ठेवावा काय, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

६

ब्रिटनमध्ये लॉर्ड रोझेनहाइम ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्ये जे नियम घालून दिले, त्यांचे स्वरूप फार साधे होते. प्रत्येक रुग्णाची आणि कर्मचाऱ्याची प्रतिजनासाठी वेळोवेळी तपासणी करावी, बाधित रुग्णावर वेगळ्या खोलीत, वेगळ्या यंत्रावर उपचार करावेत, रक्त शक्य तितके कमी द्यावे, दालनात खाऊ-पिऊ नये, हातमोजे वापरावेत. अमेरिकेतही १९७७ मध्ये अशाच शिफारशी झाल्या. तेथील आकडे बोलके आहेत. १९७४ मध्ये अपोहनाच्या रुग्णांपैकी वर्षाकाठी ६.२ टक्के लोकांना 'ब' विषाणूची नवी बाधा होत होती. काही केंद्रांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले होते. १९८० मध्ये ते देशभर १ टक्क्यावर आले. लक्षात घ्यावयाचे ते हे की लस तेव्हा बाजारात आलेली नव्हती. केवळ तपासणी, विलगीकरण आणि स्वच्छता ह्यांचे हे फळ होते.

संसर्ग नेमका कोणत्या वाटेने होतो, ह्याचा शोध घेताना जे आढळले त्याने ह्या लेखातील दोन धागे एकत्र येतात. विषाणू अपोहन-यंत्रातील अखंड पडद्यातून पलीकडे जात नाही. त्याच्या मानाने पडद्याची छिद्रे फार सूक्ष्म असतात. मग तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? हातांवरून, यंत्राच्या बटणांवरून, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावरून. आणि ज्या औषधाच्या एका कुपीतून अनेक रुग्णांना मात्रा दिल्या जातात त्या कुपीतून. अशा कुप्यांत हेपॅरिनची कुपी येते. परिचारिका एका रुग्णाची सुई किंवा नळी हाताळते, त्याच हाताने कुपी उचलते, वापरलेली पिचकारी पुन्हा कुपीत घालते; रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश कुपीत जातो आणि तेथून पुढच्या रुग्णाच्या शिरेत. तीव्र संसर्ग असलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तजलात दहा कोटी किंवा त्याहून अधिक विषाणू असू शकतात. म्हणजे मिलिलिटरचा दहा-लाखावा भाग घेतला तरी त्यात शंभर विषाणू आले. शिवाय वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो.

रक्त वाहते ठेवणारे औषधच रोगाचे वाहन व्हावे, हा प्रकार वैद्यांना अंतर्मुख करणारा होता. औषधे रुग्णांच्या शेजारी नव्हे तर वेगळ्या स्वच्छ जागी काढावीत. एका रुग्णाजवळ नेलेली कुपी दुसऱ्याकडे नेऊ नये. मात्रा काढून भरलेली पिचकारीच रुग्णापर्यंत जावी, असे नियम त्यातून झाले. हे नियम सांगावयास एक वाक्य पुरते, पाळावयास दररोजची शिस्त लागते. दालनात माणसे कमी आणि रुग्ण अधिक असले की प्रथम हीच शिस्त ढळते.

लशीच्या इतिहासातही अपोहन-विभागाला मानाचे स्थान आहे. फ्रान्समधील तूर येथे फिलिप मोपा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी बाधित व्यक्तींच्या रक्तद्रवातून प्रतिजन शुद्ध करून लस तयार केली आणि ती अपोहन-विभागातील कर्मचारी व रुग्ण ह्यांना टोचली. ह्याचा वृत्तान्त १९७६ मध्ये आला. अमेरिकेत रक्तद्रवापासून केलेली लस १९८१ मध्ये आणि यीस्टच्या साहाय्याने केलेली १९८६ मध्ये मान्य झाली. परंतु १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत असे दिसले की अपोहनाच्या पुष्कळ रुग्णांत पुरेशी प्रतिपिंडे निर्माणच होत नाहीत आणि लशीचे संरक्षण सिद्ध होत नाही. ज्या क्षीण प्रतिकारशक्तीमुळे विषाणू त्यांच्या शरीरात टिकतो, तिच्यामुळेच लसही तेथे रुजत नाही. म्हणून अशा रुग्णांना आज दुप्पट मात्रा देतात, प्रतिपिंडांचे प्रमाण दरवर्षी मोजतात, आणि शक्य तर मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्यापूर्वीच लस टोचतात.

७

'अ' आणि 'ब' ह्यांच्या कसोट्या हाती आल्यावर रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या काविळीचे कोडे सुटेल अशी अपेक्षा होती. १९७५ मध्ये दिसून आले की पुष्कळ रुग्णांत ह्या दोहोंपैकी काहीच नाही. मग त्या रोगाला 'अ-नव्हे, ब-नव्हे' असे नकारात्मक नाव पडले आणि ते १४ वर्षे टिकले. १९८९ मध्ये मायकल हाउटन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी विषाणू प्रत्यक्ष न पाहता त्याचा जनुकीय अंश हस्तगत केला, आणि रोग 'क' ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. ह्या संशोधनासाठी हार्वी ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस ह्यांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९८९ हेच वर्ष अमेरिकेत एरिथ्रोपोएटिन हे औषध मान्य होण्याचे. रक्तपेशी वाढविणाऱ्या ह्या औषधामुळे अपोहनाच्या रुग्णांना वारंवार रक्त देण्याची गरज उरली नाही, आणि संसर्गाची एक रुंद वाट अरुंद झाली.

'क'वर लस नाही. त्यावरची जुनी औषधे मूत्रपिंडाच्या रुग्णांना सोसत नसत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मूत्रपिंडाचा विकार पुढच्या टप्प्यात असलेल्या १०४ रुग्णांना दोन नव्या विषाणुरोधक औषधांचा संयोग १२ आठवडे देण्यात आला. त्यांतील बहुसंख्य अपोहनावर होते. त्यांपैकी ९८ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला. जो रोग जन्माचा सोबती मानला जाई, तो आता बरा होतो.

८

तरीही ज्याच्या यकृतात जुना यकृतशोथ मुरला आहे आणि ज्याची मूत्रपिंडेही गेली आहेत, अशा रुग्णापुढे पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो. रक्त साकळविणारी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होतात, अँटिथ्रॉम्बिनही तेथेच. यकृत आक्रसले की दोन्ही बाजू एकदम उणावतात. असा रुग्ण रक्तस्रावालाही जवळ असतो आणि गुठळीलाही. त्याला हेपॅरिन किती द्यावे, ह्याचे उत्तर कोष्टकात मिळत नाही. वैद्याला रुग्णाकडे पाहूनच ठरवावे लागते.

पर्याय आहेत, पण तेही निर्दोष नाहीत. सायट्रेट हा क्षार रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवतो आणि त्यावाचून रक्त साकळत नाही. परंतु शरीरात गेलेल्या सायट्रेटचे विघटन मुख्यतः यकृतच करते, आणि दुबळ्या यकृताला ते झेपत नाही. काही रुग्णांत हेपॅरिनविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊन रक्तबिंबिका घटतात आणि विपरीतपणे गुठळ्या होऊ लागतात. त्यांच्यासाठी जनुकतंत्राने बनविलेले हिरुडिन १९९७ नंतर काही वर्षे वापरात होते. ते २०१२ मध्ये बाजारातून गेले. जळवेचा वारसा असा आठ दशकांनी क्षणभर परत आला.

हेपॅरिन प्राण्यांपासून येते, ह्याची जाणीव २००८ मध्ये पुन्हा झाली. अमेरिकेत अपोहनाच्या रुग्णांना हेपॅरिन दिल्याबरोबर रक्तदाब उतरणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसू लागली, आणि कित्येक दगावले. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात हेपॅरिनसारखा दिसणारा, अतिगंधकित कॉन्ड्रॉइटिन हा स्वस्त पदार्थ मिसळलेला आढळला. रक्त अडविण्याची शक्ती मोजणाऱ्या नेहमीच्या कसोटीत तो उतरत होता, म्हणून कोणाच्या ध्यानात आला नाही. त्यानंतर औषधाच्या शुद्धतेच्या कसोट्या सर्वत्र बदलण्यात आल्या.

९

आपल्या देशाच्या दृष्टीने ह्या इतिहासाला आज वेगळे महत्त्व आहे. २०११ मध्ये 'ब'ची लस देशभरातील बालकांच्या लसीकरणात आली. २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांतून अपोहनाची सोय करण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २०१८ मध्ये विषाणुजन्य यकृतशोथाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. यंत्रे तालुक्याच्या गावांजवळ येत आहेत. लहानपणी लस न मिळालेली प्रौढ पिढीच आज त्या यंत्रांवर आहे. बाल्टिमोर, काम्पेन, सिअॅटल आणि एडिंबरो येथे जे शिकावयास अर्धशतक लागले, ते येथील दालनांत पहिल्या दिवसापासून पाळले जावयास हवे.

त्यात भाषेचा वाटा लहान असला तरी खरा आहे. 'रक्त पातळ करण्याचे औषध' म्हणून रुग्णाची समजूत घालण्याऐवजी 'रक्त साकळू न देणारे औषध' असे सांगितले, तर जखम झाल्यावर काय करावयाचे हे त्याला आपोआप सुचेल. 'कावीळ झाली होती काय?' ह्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याचे डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात. म्हणून प्रश्नावर न थांबता रक्त तपासावयाचे असते. आणि औषधाची कुपी एका खाटेवरून दुसरीकडे नेऊ नये, हा नियम परिचारिकेला तिच्या स्वतःच्या भाषेत, कारणासह, समजला पाहिजे; कारण ज्याचे कारण कळते तोच नियम घाईच्या वेळी टिकतो.